वेगवेगळ्या वयाच्या मुलांसह निसर्गसहल: ठाणे-नवी मुंबईच्या कुटुंबांसाठी सविस्तर नियोजन

एकाच घरात तीन वर्षांचे, तिसरी-चौथीतले आणि नववीतले अशी मुले असली, की निसर्गसहलीचा बेत बहुधा दोनपैकी एका बाजूला कलतो. एक तर सगळे धाकट्याच्या सोयीने ठरते आणि थोरले मूल खोलीत मोबाइल घेऊन बसते. नाही तर थोरल्याच्या हौसेखातर गड चढायचे ठरते आणि अर्ध्या वाटेवर धाकट्याला कडेवर घेऊन आईवडिलांची दमछाक होते. या लेखात सांगितलेली पद्धत एका तत्त्वावर उभी आहे. मुक्काम सगळ्यांचा एकच असावा, परंतु दिवसभर सगळ्यांनी एकत्रच हिंडले पाहिजे हा आग्रह सोडावा. सकाळचे तीन-चार तास कुटुंबाने दोन गटांत काढावेत आणि दुपारनंतर एकत्र यावे. ही एक गोष्ट मान्य केली, की ठिकाण, ऋतू, मुक्काम आणि सामान यांविषयीचे पुढचे निर्णय पुष्कळ सोपे होतात.

आधी मुलांचा विचार, मग ठिकाणाचा

बहुतेक घरांत आधी ठिकाण ठरते आणि मग मुलांना त्यात बसवले जाते. हा क्रम उलटा करावा. कागद घेऊन प्रत्येक मुलाच्या नावापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: ते न थकता किती चालते, ते कधी झोपते आणि कधी भुकेने चिडते, आणि त्याला कशाची भीती किंवा किळस वाटते. तीन-चार वर्षांचे मूल सपाट वाटेवर थांबत थांबत एखादा किलोमीटर आनंदाने चालते. सहा-सात वर्षांचे मूल तीन-चार किलोमीटर चालू शकते, पण त्याला वाटेत काही तरी सापडत राहावे लागते. दहा वर्षांपुढच्या मुलाला चालण्याची सवय असेल, तर अर्ध्या दिवसाची चढण झेपते. हे अंदाज आहेत, आणि आपल्या मुलाची माहिती आपल्यालाच अधिक असते.

प्रत्येक वयाला रानातून मिळणारी गोष्टही वेगळी असते. अगदी लहान मुलाला दूरचा पक्षी दाखवण्यात अर्थ नसतो, कारण दुर्बिणीतून पाहणे त्याला जमत नाही आणि फांदीवरचा ठिपका त्याच्या लेखी नसतोच. त्याला हाताशी असलेले हवे असते: वाळू, पाणी, खडे, मुंग्यांची रांग. आठ ते अकरा हे वय मात्र निसर्ग पाहण्यासाठी सर्वांत अनुकूल आहे असे माझे मत आहे. या वयात मोजण्याची, गोळा करण्याची आणि ‘हे असेच का’ विचारण्याची ओढ असते, आणि चारचौघांत वही काढण्याची लाज अजून आलेली नसते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला जबाबदारी आणि थोडा एकांत लागतो. वाटाड्याशी बोलणे, नकाशा सांभाळणे, भरती-ओहोटीच्या वेळा काढणे, पक्ष्यांची यादी करणे ही कामे त्याच्याकडे द्यावीत. धाकट्याला सांभाळण्याचे काम मात्र थोरल्याला देऊ नये. ते काम दिले, की सहल त्याची राहत नाही, आणि पुढच्या वेळी तो यायलाच नकार देतो.

आजी-आजोबा बरोबर येणार असतील, तर त्यांचाही असाच विचार करावा. सकाळी धाकट्याजवळ थांबणाऱ्या गटात आजी असली तर सोयच होते. पण तिला गृहीत धरू नये. तिला वाडीत हिंडायचे आहे, देवळात जायचे आहे की नातवाबरोबर वाळूत बसायचे आहे, हे आधी विचारावे.

घराजवळची रंगीत तालीम

तीन-चार दिवसांच्या सहलीआधी अर्ध्या दिवसाची एक फेरी घराजवळ करून पाहावी. आपल्याकडे त्यासाठी जागांची वाण नाही. सुमारे 104 चौरस किलोमीटरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू म्हणजे येऊर; तेथे वन विभागाच्या फाटकावर नोंद करून, ठरलेल्या वेळेत आणि परवानगी असलेल्या वाटेनेच जावे. घोडबंदर रस्त्यालगत ओवळ्याची ओवळेकर वाडी फुलपाखरांसाठी प्रसिद्ध असून पावसाळा सरता सरता तेथे जाणे सर्वांत चांगले. महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू नीलवंत कसे दिसते, हे आधी मुलांना चित्रात दाखवून ठेवावे म्हणजे तेथे शोधायला काही तरी राहते. पनवेलजवळचे कर्नाळा अभयारण्य नवी मुंबईकरांना अधिक सोयीचे आहे. त्याच्या पायथ्याची सपाट वाट लहानांना पुरते आणि किल्ल्याची चढण थोरल्याला. मात्र किल्ल्याच्या सुळक्यावर आग्या मोहोळे असतात, म्हणून त्या बाजूला जाणाऱ्यांनी अत्तर लावू नये, आरडाओरडा करू नये आणि धूर होईल असे काहीही करू नये.

हिवाळ्यात तालमीसाठी ठाण्याची खाडी उत्तम. खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये घोषित झाले आणि 2022 मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटफेरी असते. तिच्या वेळा भरतीवर अवलंबून असल्यामुळे आधी चौकशी करून नोंदणी करावी लागते. ओहोटीला फ्लेमिंगो खाडीच्या चिखलात चरतात आणि भरतीने चिखल बुडाला की नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांकडे सरकतात. हे एकदा मुलांना समजावून सांगितले, की भरतीचे वेळापत्रक वाचणे हा थोरल्यासाठी खराखुरा उपयोगाचा अभ्यास होतो. सगळेच फ्लेमिंगो गुलाबी नसतात, हेही मुलांना मोजायला लावावे. रंग त्यांच्या खाण्यातील शेवाळातून आणि बारीक जीवांतून चढत जातो, त्यामुळे वयाने लहान पक्षी राखाडी-मळकट दिसतात.

या तालमीत पक्षी किती दिसले याला महत्त्व नाही. धाकट्याने किती वेळाने उचलून घ्यायला सांगितले, मधल्याचे बूट कोठे चावले, उघड्यावर लघवीला बसायला कोण तयार झाले नाही, आणलेले पाणी कितव्या तासाला संपले, या गोष्टी टिपून ठेवाव्यात. सामानाची यादी त्यावरूनच तयार होते.

ऋतू आणि ठिकाण

शाळेच्या सुट्या आणि रानाचे ऋतू यांचा मेळ घालणे हे या नियोजनातील सर्वांत नाजूक काम आहे. मला विचाराल तर दिवाळीची सुटी सर्वांत चांगली. पाऊस सरलेला असतो, जळवा कमी झालेल्या असतात, ओढ्यांना अजून पाणी असते, गवत कमरेएवढे असते आणि शेतांत भातकापणी चालू असते. याच काळात गर्दी मोठी असते, म्हणून लक्ष्मीपूजन-पाडव्याचे दिवस घरी काढून भाऊबीजेनंतर निघावे. डिसेंबर-जानेवारीतील थंडी चालण्यासाठी उत्तम आणि पक्ष्यांसाठीही उत्तम, परंतु डोंगरात रात्री गारठा असतो आणि सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे पहाटेची फेरी उशिरा सुरू होते.

मे महिन्यात सुटी लांब असते, मात्र उन्हाचा ताप लहानांना झेपत नाही. त्या दिवसांत माथेरानसारखे उंचावरचे ठिकाण निवडावे. तेथे खाजगी गाड्या दस्तुरी नाक्यावरच थांबतात आणि पुढे मोटारींची वर्दळ नसते. चालायला लागलेले मूल हात सोडून पळाले तरी पोटात गोळा येत नाही, आणि लहान मुलांच्या पालकांना या एका सोयीची किंमत चांगली ठाऊक असते. नेरळ-माथेरान ही 1907 पासूनची छोटी गाडी धाकट्यांसाठी स्वतःच एक सहल असते. पावसाळ्यात ती नेरळहून सुटत नाही, हे लक्षात ठेवावे. बाबागाडी मात्र तेथील तांबड्या वाटांवर चालत नाही. पाठीवर मूल बसवण्याची झोळी न्यावी. माकडे हातातील खाऊ हिसकावतात, म्हणून मुलांच्या हातात उघडा पुडा देऊ नये.

मेअखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या भागांत काजवे दिसतात. हे दृश्य थोरल्या मुलाला जरूर दाखवावे. तीन वर्षांच्या मुलासाठी ते सोयीचे नसते, कारण खरा बहर रात्री उशिरा असतो आणि काळोखात, दगडांतून चालावे लागते. अशा वेळी एका पालकाने धाकट्याला घेऊन मुक्कामी झोपावे. काजव्यांचे चमकणे हे नर-मादीने एकमेकांना शोधण्याचे साधन आहे, म्हणून तेथे विजेऱ्या आणि मोबाइलचे दिवे लावणे म्हणजे त्यांच्या विणीत अडथळा आणणे होय.

भर पावसाळ्यात लहान मुलांना धबधब्यांवर नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या डोक्यावर ऊन असले तरी वर डोंगरात कोसळलेल्या सरीने काही मिनिटांत ओढा फुगतो. जून 2024 च्या अखेरीस लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या प्रवाहात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, आणि त्यात लहान मुले होती. जिल्हा प्रशासनाचे बंदी आदेश निघतात ते याच कारणाने, आणि ते पाळावेत. पाऊसच पाहायचा असेल तर ओट्यावरून, भातखाचरांच्या बांधावरून आणि गावाच्या पायवाटेवरूनही तो भरपूर दिसतो.

काही ठिकाणांविषयी थोडक्यात. कास पठारावरील फुले सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असतात; पठारावर प्रवेश मर्यादित असतो आणि फुलांत पाय टाकता येत नाही, त्यामुळे हाताने धरून पाहणाऱ्या वयासाठी ते ठिकाण अवघड आहे. ताडोबाची सफारी पहाटेपासून कित्येक तास जिप्सीत बसून करायची असते आणि मोबाइल बाहेर ठेवावा लागतो. दहा वर्षांपुढच्या मुलांना ती आवडते, अगदी लहानांना सोसत नाही. भीमाशंकरला शेकरूची, म्हणजे झाडावर राहणाऱ्या मोठ्या खारीची, घरटी सहज दाखवता येतात, मात्र खांडसकडून शिडीच्या वाटेने मुलांना नेऊ नये.

या लेखात पुढे मी फणसाड-काशीदचे उदाहरण धरून चालतो, कारण ते दोन गटांच्या पद्धतीला नेमके जुळते. रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या उत्तरेला असलेले फणसाड एके काळी जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे रान होते. 1986 मध्ये त्याचे अभयारण्य झाले. शेकरू, भेकर, सांबर, बिबट्या येथे आहेत, सुपेगावच्या बाजूने आत जाता येते आणि रानातील पाणवठ्यांना तेथे ‘गाण’ म्हणतात. अभयारण्यापासून थोड्याच अंतरावर समुद्र. एका गटाला रान आणि दुसऱ्याला वाळू, अशी वाटणी गाडीने फार न हिंडता जमते.

मुक्काम ठरवताना विचारायचे प्रश्न

तीन रात्रींसाठी एकच मुक्काम घ्यावा. रोज जागा बदलली, की रोज सकाळ सामान बांधण्यात जाते आणि लहान मुलाची झोप रोज नव्याने बिघडते. घरगुती निवास घेत असाल तर यजमानांना फोन करून स्पष्ट प्रश्न विचारावेत. संकोच करू नये.

पहिला प्रश्न पाण्याचा. आवारात विहीर आहे का, तिला कठडा आणि जाळी आहे का, पोहण्याचा तलाव आहे का आणि त्याला कुंपण आहे का, हे नीट विचारावे. शेतघरांमध्ये तलाव हे आकर्षण म्हणून दाखवतात, पण रांगत्या-चालत्या मुलाच्या दृष्टीने तो आवारातील सर्वांत मोठा धोका असतो. बुडणारे लहान मूल ओरडत नाही, ते गुपचूप पाण्याखाली जाते. कुंपण नसेल तर ती जागा घेऊ नये, मग बाकी कितीही सुंदर असो. दुसरा प्रश्न दवाखान्याचा: जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किती अंतरावर आहे, ग्रामीण रुग्णालय कोठे आहे आणि रात्री गाडी मिळते का. तिसरा स्वयंपाकाचा. मुलांसाठी तिखट न घालता वरण-भात वेळेवर, म्हणजे रात्री साडेसातला, मिळेल का हे विचारावे, कारण सहलीत मोठ्यांचे जेवण नऊच्या पुढे जाते आणि तोवर धाकटे रडून झोपलेले असते. मच्छरदाणी, वीज गेल्यावरची सोय, गरम पाणी, गच्चीचा किंवा जिन्याचा कठडा, पाळलेला कुत्रा, हे प्रश्न नंतर. वाटाड्या गावातीलच मिळेल का, हेही विचारावे. तो मिळाला तर मुलांना झाडांची स्थानिक नावे कळतात आणि गावाला दोन पैसे मिळतात.

प्रवास

ठाण्याहून काशीदला पेण-अलिबाग-रेवदंड्यामार्गे जायला लहान मुलांसह पाच तास धरावेत. पहाटे साडेपाचला निघाले तर धाकटे पहिले दोन तास गाडीतच झोपते आणि वडखळची कोंडी टळते. लहान मुलाला त्याच्या वयाच्या खुर्चीतच बसवावे. मांडीवर घेऊन पुढे बसू नये. हौस असेल तर भाऊचा धक्का ते मांडवा या रो-रो बोटीने गाडीसकट जाता येते आणि मुलांना ते फार आवडते. ज्या मुलाला गाडी लागते त्याला निघण्याआधी दूध देऊ नये, कोरडे आणि थोडे खायला द्यावे, काच थोडी उघडी ठेवावी आणि मोबाइल किंवा पुस्तक पाहू देऊ नये. गोळी द्यायची असल्यास बालरोगतज्ज्ञांकडून मात्रा आधी लिहून घ्यावी.

एक दिवस कसा आखावा

रात्रीच दोन गट पाडावेत. सकाळी साडेसहाला एक पालक, थोरले मूल आणि वाटाड्या फणसाडमध्ये जातात. मधल्या मुलाला रोज निवड करू द्यावी: आज रानात की समुद्रावर. दुसऱ्या दिवशी पालकांनीही गट बदलावेत, कारण नववीतल्या मुलीबरोबर तीन तास शांतपणे चालायला मिळणे हे आई आणि बाबा दोघांच्याही वाट्याला आले पाहिजे.

रानातील गटाने कमी चालावे आणि जास्त थांबावे. शेकरू शोधताना वर पाहण्याआधी कान द्यावा; ते किटकिटाट करते आणि मग फांदी हलते. त्याचे घरटे उंच झाडावर, पाने आणि काटक्यांच्या मोठ्या गोळ्यासारखे असते. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधते, म्हणून घरट्यांच्या संख्येवरून शेकरूंची संख्या काढता येत नाही, हे मुलांना सांगितले की मोजणीतला पेच त्यांना आवडतो. वाटेवर पाने एकमेकांना शिवून केलेले लाल मुंग्यांचे घर दिसले तर दोन पावले दूर उभे राहून पाहावे. मुंग्या पानांच्या कडा जबड्यांत धरून ओढतात आणि स्वतःच्याच अळ्यांना तोंडात धरून, त्यांच्या तोंडातून निघणाऱ्या रेशमाने त्या कडा जोडतात. घर फुटलेले असेल तर दुरुस्ती चालू असताना हे साध्या भिंगातून दिसते, आणि मधल्या वयाचे मूल तेथून अर्धा तास हलत नाही. त्याला हलवू नये. त्या दिवशी पाणवठा राहिला तर राहिला.

दुसरा गट ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर जातो. भरतीची वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे थोरल्याने काढलेले वेळापत्रक भिंतीवर लावून ठेवावे. ओल्या वाळूवर वाटाण्याएवढ्या गोळ्यांच्या रांगा दिसतात. बारीक खेकडे वाळूतील खाद्य चाटूनपुसून घेतात आणि उरलेल्या वाळूचा गोळा करून बाजूला टाकतात. गोळ्यांच्या रांगा त्यांच्या बिळापासून चहूकडे पसरत जातात. धाकट्याला घेऊन त्या बिळापासून थोडे दूर, हालचाल न करता बसावे. पाऊल वाजले की खेकडा आत जातो, आणि मिनिटाभराने आधी डोळे, मग तो सबंध बाहेर येतो. तीन वर्षांचे मूल हा खेळ पुन्हा पुन्हा पाहते. समुद्रात मात्र घोट्याच्या वर जाऊ देऊ नये. काशीदचा किनारा दिसायला सौम्य आहे, पण पाण्याला ओढ आहे.

साडेदहा-अकरापर्यंत दोन्ही गट परत यावेत. दुपार झोपेची, आणि ती कोणत्याही कारणाने हिरावून घेऊ नये. या वेळात मधले मूल वहीत सकाळचे चित्र काढते, आणि थोरल्याला दोन तास कोणीही काहीही विचारू नये. साडेचारनंतर सगळे एकत्र: वाडीत, किनाऱ्यावर, गावाच्या पायवाटेवर. या फेरीचा वेग धाकट्याच्या पायांचा असावा आणि वाट थोरल्याने दाखवावी. रात्री जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे आवारातच, बूट घालून, दिव्याभोवतीचे पतंग पाहावेत. थोरल्यासाठी अतिनील प्रकाशाची छोटी विजेरी मिळाली तर घ्यावी. तिच्या उजेडात विंचू हिरवट चमकतो. हे काम मोठ्या माणसाच्या सोबतीनेच करावे, आणि तो प्रकाश कोणाच्याही डोळ्यांवर पाडू नये.

सामान

पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, लांब विजारी, मोजे आणि आधीच वापरून सैल झालेले बूट ही पहिली गरज. नवे बूट सहलीला घालू नयेत. तीन तासांच्या फेरीला मोठ्यांसाठी दीड लिटर आणि मुलांसाठी पाऊण ते एक लिटर पाणी धरावे. आपले पाणी आपल्या पाठीवर घ्यायला मुलांना आवडते, पण पिशवीचे वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक होऊ नये. खायला दशम्या, गूळ-शेंगदाणे, केळी, चुरमुरे. चिप्सचे पुडे टाळावेत म्हणजे कचराही टळतो. अभयारण्यांच्या फाटकांवर प्लास्टिक तपासतात, म्हणून स्टीलच्या बाटल्या आणि डबे न्यावेत. औषधांत ओआरएसच्या पुड्या, थर्मामीटर, बालरोगतज्ज्ञांनी वजनानुसार मात्रा लिहून दिलेले तापाचे औषध, जखमेची पट्टी, चिकटपट्टी, चिमटा, आणि रोजची औषधे दोन दिवस जास्त. प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी असावी. हरवलो असे वाटले तर जागेवरच थांबायचे आणि तीनदा शिट्टी वाजवायची, हे निघण्याआधी खेळून दाखवावे.

धोके ओळखून ठेवणे

मुलांना घाबरवू नये, पण नियम थोडे आणि पक्के असावेत. पहिला नियम: विचारल्याशिवाय रानातील काहीही तोंडात घालायचे नाही. कुंपणाला लावलेल्या मोगली एरंडाच्या बिया खाऊन मुलांना उलट्या-जुलाब झाल्याच्या घटना आपल्याकडे वारंवार घडतात. गुंजेची लाल-काळी बी मण्यासारखी सुंदर दिसते आणि चावली गेली तर अतिशय विषारी ठरते. ती लहानांच्या मुठीत राहू देऊ नये. हिवाळ्यात वाळलेल्या खाजकुयलीच्या शेंगांची लव अंगाला लागली तर चोळू नये; चिकटपट्टी हलकेच लावून ती उचलावी, कपडे बदलावेत आणि मग धुवावे.

दुसरा नियम: बिळात, दगडाखाली, लाकडांच्या ढिगात हात घालायचा नाही, आणि बूट झटकल्याशिवाय घालायचे नाहीत. कोकणात लाल विंचवाचा दंश लहान मुलांसाठी प्राणघातक ठरू शकतो. दरदरून घाम, उलट्या, थंड पडलेले हातपाय अशी चिन्हे दिसण्याची वाट न पाहता मुलाला आरोग्य केंद्रात न्यावे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या संशोधनामुळे प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ झाला आणि त्याने असंख्य जीव वाचले आहेत. वेळेत पोहोचणे एवढेच आपल्या हाती असते. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांपैकी कोणता साप चावला हे ओळखण्यात वेळ घालवू नये. जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. मुलाला धीर द्यावा, दंशाचा अवयव मोडलेल्या हातापायाप्रमाणे फळी लावून स्थिर ठेवावा, वाळे-बांगड्या काढाव्यात आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती यायला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या गाडीने निघावे.

बिबट्याच्या रानात अंधार पडण्याआधी मुक्कामी यावे, मुलांना दोन मोठ्यांच्या मध्ये चालवावे आणि कोणाही लहान मुलाला एकटे झुडपाआड पाठवू नये. पावसाळ्यानंतरच्या ओल्या रानात जळू लागली तर तिला जाळू नये. नखाने तिचे तोंड कातडीपासून सरकवून सोडवावे. रक्त थोडा वेळ वाहत राहते, ते पाहून मुले घाबरतात. म्हणून जळू चावताना रक्त गोठू नये असा द्रव सोडते, हे त्यांना आधीच सांगून ठेवावे.

निघण्यापूर्वी कोठे जाणार, कोणत्या वाटेने आणि किती वाजता परतणार, हे मुक्कामाच्या यजमानांना रोज सांगावे. रानात मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे नकाशा आधीच उतरवून घ्यावा.

परत आल्यावर

कपडे वेगळे धुवावेत. अंघोळीच्या वेळी लहान मुलांचे केस, काखा, जांघा आणि कानामागची जागा गोचिडांसाठी नीट तपासावी; सापडल्यास चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. थोरल्याने काढलेली छायाचित्रे आयनॅचरलिस्ट या आणि पक्ष्यांच्या नोंदी ईबर्ड या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर चढवायला लावाव्यात. त्या अभ्यासकांच्या उपयोगी पडतात आणि न ओळखलेल्या किड्याचे नाव काही दिवसांत कळते. वही मधल्या मुलाकडेच ठेवावी. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत कोणालाही ताप आला, विशेषतः अंगावर काळी खपली धरलेला छोटा डाग दिसला किंवा चिखलपाण्यात चालणे झालेले असले, तर घरगुती औषधावर न थांबता डॉक्टरांकडे जावे आणि आम्ही कोणत्या तारखेला, कोणत्या रानात होतो, हे त्यांनी विचारण्याची वाट न पाहता सांगावे.